हरण्याचं काम थोरल्याचं

शुक्र., ७ नोव्हें.
स. साडेसातला तळघरात. इथे सगळे सरदाब म्हणतात, आता मीही तेच म्हणतो. वॉचमनने किल्ली देताना नेहमीसारखं हसून घेतलं. हसू दे. फरवानियातल्या बिल्डिंगीखाली दोन म्हातारे लाकडी तलवारी घेऊन काय करतात, हे त्याला समजावण्याच्या भानगडीत मी पडत नाही.
इब्राहिमभाईचा वार आज पुन्हा अलीकडेच पडला. माझ्या टाळक्यापासून वीतभर. गेल्या शुक्रवारीही तेच. लांब तलवार त्याची, आखूड माझी. त्याने डोक्यावर मारायचं, मी तो वार बाजूला सरकवून आत शिरायचं, डाव्या हाताने त्याचा दंड धरायचा, टोक गळ्याशी. संपलं. तो हरला. पण वार डोक्यापर्यंत आलाच नाही तर मी शिरू कशात?
"भाई, आखडलास," म्हटलं. तर म्हणतो, "थंडी हाय." कुवेतात, नोव्हेंबरात, थंडी!

रवि., ९ नोव्हें.
अर्दियात शोरूमचं काम. ओकची फळी रंधताना मोरिता आठवला. त्या लाकडाचा वास आला की हटकून आठवतो.
जपानी, पाणी गोडं करायच्या प्लांटवर इंजिनियर होता, दर शुक्रवारी तलवार शिकवायचा. भाईला बोलावलं ते चुण्यांचे घेरदार पायजमे शिवायला. वर्षभराने मला, लाकडी तलवारी करायला. रत्नागिरीचा शिंपी आणि कुडाळचा सुतार. मापं घेता घेता दोघांनाही समोर उभं केलं त्याने. मी पहिली आखूड तलवार केली ती टीपॉय करावा तशी, वर चकचकीत पॉलिश. पहिल्याच वाराला घामाने हातातून सुटली ती थेट त्याच्या टीव्हीवर. मोरिता आत गेला, सँडपेपर घेऊन आला, माझ्यापुढे ठेवला. भाई पोट धरून हसत होता.
काय दिवस होते. सराव झाला की तो कडू हिरवा चहा. भाई गुपचूप खिशातून साखर काढायचा.
मोरिताची हिंदी साइटवरच्या लेबरकडून उचललेली. "मारना तो पूरा मारना." आणि त्याची ती रीत. लांब तलवार थोरल्याने धरायची आणि दर वेळी हरायचं. धाकट्याला जिंकता यावं म्हणून कुणीतरी खरं मारून खरं हरायला लागतं. खोटं मारलं तर धाकटा खोटंच शिकणार. स्वतः आमच्याकडून दर शुक्रवारी हरायचा आणि वाकून नमस्कार करायचा.
तो जपानला गेला. भाई माझ्या वर्षभर आधीचा, म्हणून हरणं त्याच्याकडे आलं. तेव्हापासूनची त्याची तक्रार: "ही कसली रीत? थोरला मी, आनि दर जुम्म्याला मरायचं पन मीच?"

शुक्र., १४ नोव्हें.
वाईट दिवस.
भाई म्हणाला, अकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, रद्द करून कायमचा गावी चाललो. डिसेंबरात. असं सांगितलं, जसं कुणी सांगावं की उद्या दुकान बंद. मी तलवार उचलली.
आणि वार पुन्हा अलीकडे. दोनदा. तिसऱ्यांदा मी भडकलो. म्हटलं, जाताना दया करतोस माझ्यावर? मला कीव नको. मोरिता असता तर तुझ्या हातातून तलवार काढून घेतली असती.
त्याने सावकाश चुण्या नीट करून पायजम्याची घडी घातली, जुम्म्याच्या नमाजाला वेळ होता तरी निघून गेला.
इतक्या वर्षांत आमचं भांडण असं झालं नव्हतं. तो जाणार म्हणून राग आला, की मारत नाही म्हणून, माझं मलाच…

बुध., १९ नोव्हें.
एक पँट नेली त्याच्या दुकानात. चेन बदलायची, असं निमित्त. दारातच थांबलो. भाई एका अरबी झग्याची, दिशदाशाची, शिलाई बोटांनी चाचपत होता. डोळे भलतीकडेच. मग शेजारच्या मशीनवरच्या बंगाली कारागिराकडे सुई पुढे केली. त्याने न विचारता ओवून दिली. म्हणजे रोजचंच.
मी पँट काउंटरवर टाकली. "कधीपासून?"
"रमजान गेला तवापासून. साखरेनं उजवा डोला खाल्ला. डाव्यानं दिसतं, पन वस्तू जवल हाय का लांब, ते नाय समजत."
"मगे सांगूक काय झालां तुका?"
"सांगितलं असतं तर तू तलवार धरू दिली असतीस?"
नसती दिली.
"तुझं टालकं फुटंल म्हनून आधीच थांबत व्हतो," म्हणाला. वर मलाच चहा मागवला. लाज वाटली मला. मी त्याला दयेवरून बोललो होतो.

शुक्र., २१ नोव्हें.
सरदाबात गेल्या गेल्या भाईने हात पुढे केला. "आज मना आखूड दे."
मोरिता होता तोवरच त्याने ती धरली. मोरिता गेला आणि भाई थोरला झाला. "सगला वकत हरन्यात गेला सदा. जायच्या आधी एकदा आत शिरू दे."
म्हटलं, दिसत नाही आणि शिरतोस कसा?
"आत शिरल्यावर बघायचं काय असतं? कापडागत हाताला लागतं."
लांब तलवार घेतली. जड वाटली, माझ्याच हातची असून. उचलली, ओरडलो, मारली. आणि हात आपोआप वरच थांबला. भाई उभाच.
"वारा नाय आला टालक्याला."
पुन्हा. पुन्हा तेच. साखरेचा माणूस, साठी उलटलेली, एक डोळा गेलेला. लागलं तर जखम भरेल का? कोण मारणार? मोरिताने मारला असता. मी मोरिता नाही.
"तू पन थंडीनं आखडलास काय?" म्हणाला. हसू आलं नाही.

मंगळ., २ डिसें.
गेल्या शुक्रवारीही नाही जमलं.
संध्याकाळी वर्कशॉपमध्ये एकटाच हवेत मारून पाहिलं. पूर्ण जातो वार. समोर माणूस नसला की मी शूर. येता शुक्रवार शेवटचा.

शुक्र., ५ डिसें.
मारलं.
पूर्ण. थांबलो नाही. भाईला क्षणभर उशीर झाला आणि तलवार त्याच्या डाव्या खांद्यावर बसली. तो आवाज अजून कानात आहे. तो खाली बसला. मी तलवार फेकून धावलो. "लागलां काय रे? भाई?"
खांदा चोळत हसत होता. "आता मारलंस. उचल ती."
नको म्हटलं. हात जोडले. "सदा, उचल." असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. डोळे पुसून उचलली.
दुसऱ्यांदा ओरडलो तसा तो निघाला. माझ्या आवाजावर निघाला. वार त्याच्या लाकडावरून सरकून गेला आणि तो आत होता. डाव्या हाताने माझा दंड शोधला, धरला. टोक गळ्याला टेकलं.
जिंकणाऱ्याने सोडल्याशिवाय हरणाऱ्याने हलायचं नसतं. भाई सोडेना. तोंड अगदी जवळ आणलं, डावा डोळा बारीक करून माझ्याकडे बघत राहिला.
"हितनं बराबर दिसतोस," म्हणाला.
मी हललो नाही. हलायचंच नव्हतं मला.

रवि., १४ डिसें.
भाईचा फोन, कोल्हापूरच्या हॉस्पिटलातून. डोळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर काहीच सांगत नाहीत. पट्टी काढल्यावर बघू म्हणतात.
विचारलं, खांदा कसा आहे? म्हणाला, दुखतो अजून, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. मी माफी मागायला लागलो तर ओरडला, "गप. दुखू दे."
मागे कुणीतरी त्याला जेवायला हाक मारत होतं.
पट्टी उद्या सकाळी काढणार आहेत.