कुरमत्याची तार

१७ नोव्हेंबर १९७४, सातारा
फराळ संपला, रजा संपत आली, आणि हे आज दिवसभर परसात त्या झाडाशी. जपानी काळ्या पाइनचं रोप. गेल्या खेपेला बोटीवरून येताना पत्र्याच्या डब्यात, ओल्या शेवाळात गुंडाळून आणलेलं. त्याचं म्हणे बोन्साय करायचं. म्हणजे शंभर वर्षं जगवायचं आणि हातभर ठेवायचं. तिकडं त्याला कुरोमात्सु म्हणतात. आत्यांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'कुरमत्या' केलं. आता घरात तेच.
आज कु.ला तांब्याची तार घातली. आधी गोवऱ्यांच्या विस्तवात लाल करून निववली, की मऊ पडते. मग बुंध्यापासून शेंड्यापर्यंत वेढे, आणि हळूहळू वाकवणं. हे डावखुरे, त्यामुळं वेढे सगळे उलटे. आत्या लेकाजवळ पाट टाकून बसलेल्या. "आरं, एवढ्याशा पोराला बेड्या कशापायी घातल्यास?" हे नुसते हसले. मला मात्र राग आला. रजा एवढीशी, त्यात बायकोच्या वाट्याला किती नि झाडाच्या किती! बोलून दाखवलं. तर म्हणतात, "तू वाकतीस होय? म्हणून ह्याला वाकवतो." चावट मेले.

२ डिसेंबर
गेले. स्टँडवर मी काही घरचं बोलायला जावं, तर ह्यांचं आपलं कु.पुराण. पाणी माती चाचपूनच घाल. वाळू दहिवडीकडची जाडच हवी, मुरूम चाळलेला. आणि तार. झाड जाड झालं की ती सालीत रुतते, त्याआधी काढायची. उलगडून सोडवायची नाही, साल सोलून येते. एकेक वेढा पक्कडीनं तोडायचा. "पण तू नको हात लावू. पुढच्या दिवाळीला येतोच की. मीच काढीन."
मुंबईची गाडी हलली. आत्यांनी पदर तोंडाला लावला, मग मलाही राहवेना.

१९ जानेवारी १९७५
पत्र. बंदराचं नाव वाचता येईना. निम्मा मजकूर कु.चा. फांद्यांना बारीक तार लागेल, ती मुंबईच्या कुणाबरोबर तरी धाडतो, तार आली की नीट ठेव. आत्यांना वाचून दाखवलं. तारेचं नाव काढताच दचकल्या. धाकट्या लेकाच्या वेळी, तो फौजेत होता, तारच आली होती ना. म्हणाल्या, "त्या वस्तूला दुसरं काय तरी नाव ठिवा. सांजच्याला तार तार करू नगा."
खरं आहे. पण तारेला तार नाही तर काय म्हणायचं?

८ मार्च
कु.ला मेणबत्त्या फुटल्यात! ह्यांनी सांगितलेल्या तशाच, पांढुरक्या, ताठ उभ्या. त्यातनं सुया निघणार. शाळेतनं शिकवून आल्यावर चहाच्या आधी बघायला जाते. पत्रात कळवायचं नाही, चढून बसतील. आत्याच आता रोज विचारतात, "तुजी तार आली का गं?" भीती मोडली वाटतं.

२१ मार्च
तार आली.

२४ मार्च
लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल.
परसात होते. कुंडीत हात. पोस्टमन दारातनं ओरडला, तार! मी तिथनंच, "आली एकदाची! ठेवा कट्ट्यावर, हात मातीचे आहेत." आत्यांनी हंबरडा फोडला. मी हसत बाहेर आले. हसत. म्हटलं, अहो आत्या, ती तार नव्हे, कुरमत्याची. पोस्टमन खाली बघत उभा. सहीचा कागद पुढं केलेला.
इंग्रजीत होतं. जहाजावरून बेपत्ता. शोध चालू.
आत्यांना नुसत्या हाकेत कळलं. मला शिकलेलीला नाही.

१० एप्रिल
कंपनीचं पत्र. शोध थांबवला. काम संपवून डेकवर गेले, सकाळी हजेरीला नव्हते. समुद्र खवळलेला होता. बस, एवढंच लिहिलंय. मेले असं कुठं लिहिलेलं नाही. पुन्हा पुन्हा बघितलं.

२८ एप्रिल
दहिवडीहून ह्यांचे चुलतभाऊ आले होते. म्हणे दर्भाचा पुतळा करून दहन करावं, दिवस घालावेत, म्हणजे सुमनलाही मोकळं होता येईल. हे माझ्या कपाळाकडं बघून. मी काही बोलायच्या आत आत्या उठल्या. "माज्या लेकाचा हात न्हाई दावला कुणी, पाय न्हाई दावला. गवताचं बाहुलं जाळाय मी काय खुळी हाय?"
पाहुणे चहा न घेता गेले. आम्ही दोघी जेवलो नाही.

१६ मे
जहाजावरचा मित्र पेटी पोचवायला आला. गोव्याचा. कपडे, दाढीचं सामान, आत्यांना घेतलेली शाल. आणि वर्तमानपत्रात बांधलेलं बारीक तारेचं भेंडोळं. घेऊन ठेवली होती, धाडायची राहिली.
आत्यांनी ती पेटीच्या तळाशी ठेवली नि कुलूप घातलं.

२३ जून
वटपौर्णिमा. जाऊ की नको, यातच ऊन चढलं. शेजारणी दरवर्षी हाक मारतात, यंदा कुणी मारली नाही. त्यांचं तरी काय चुकलं, मला बोलावणंही अवघड नि न बोलावणंही. शेवटी आत्यांनीच सुताची गुंडी हातात दिली. वडापाशी बायका जरा सरकल्या. जागा दिली की अंग चोरलं, कळलं नाही. सूत गुंडाळायला लागले. वेढा, पुन्हा वेढा. आणि हात थांबला. ह्यांचे उलटे असायचे.
रडले तिथंच, सगळ्यांदेखत. होऊ दे काय व्हायचं ते.

१७ ऑगस्ट, सांगली
माहेरी. कु.ला मांडीवर घेऊन आले. कंडक्टर म्हणाला, बाई, ह्याचं हाफ तिकीट काढू का? हसू आलं, किती दिवसांनी.
दादाला झाडांचं कळतं. कुंडी खाली ठेवायच्या आत म्हणाला, "सुमे, तार रुतलीय. साल चढतीय तिच्यावर. आजच काढ, नाहीतर वरचं सगळं वाळंल." पक्कड पण घेऊन आला. मी कुंडी पोटाशी धरली. हात लावशील तर याद राख, हे दिवाळीला काढणार आहेत. वहिनी आत निघून गेली. दादा म्हणाला, बरं. नुसतं बरं. त्या 'बरं'चा असा संताप आला.
उद्याच परत.

५ ऑक्टोबर, सातारा
वरच्या सुया पिवळ्या पडतायत. पाणी कमी पडलं असेल. की जास्त. उगाच, मला काय माहीत नाही होय कशानं ते.

३ नोव्हेंबर
दिवाळी. एक पणती दारात, एक कुंडीपाशी. दार लावून घेऊ का, विचारलं. आत्या म्हणाल्या, राहू दे जरा वेळ.

९ नोव्हेंबर
आज आत्यांनी पक्कड आणून माझ्यापुढं ठेवली. मी म्हटलं, ते काढणार होते.
"व्हय. पर आला न्हाई त्यो."
असं आजवर बोलल्या नव्हत्या. मग कुंडीवर हात ठेवून म्हणाल्या, "त्यानं ह्ये जगवाया आणलं हुतं, पोरी. बेड्यात माराया न्हाई."
बसलो दोघी परसात. त्यांनी कुंडी धरली, मी वेढे तोडले. खालून वर, एकेक, सांगितलं होतं तसं. मधे साल तारेवर आलेली, तिथं चीक आला. आत्यांनी हळद दाबली. तार निघाली तरी सालीत खाच राहिलीय, उलटी फिरत वर गेलेली. आत्यांनी तिच्यावरनं बोट फिरवलं. "डावरा माजा," म्हणाल्या, आणि मग त्यांना आवरेना. मलाही. तुकडे त्यांनीच पदरात गोळा केले.
कुंकू आजही लावलंय. 
शेंड्याचा एक वेढा मी ठेवलाय. तिथं अजून रुतली नाही.