सुमनचा जबाब

बुलढाणा, मंगळवार, संध्याकाळ

किळस आली आहे. विधवा सुमनला गावातून हुसकावलं आणि चौकीवर हवालदाराने जबाब घेतला तिच्या दिराचा. ‘स्वखुशीने गाव सोडले.’ स्वखुशीने!

“मले कोनी इचारलंच नाही, बाई,” माझ्याकडे आलेली सुमन म्हणाली. “पाण्याले गेली का गावातले पदर ओढत. राहू कशी?”

कायदा शिकवणारी भाची फोनवर म्हणाली, “आत्या, भीती घालून घालवणं ही सक्तीच. युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांतही तेच मानतात.”

मग अर्ज मी लिहिला. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी किती मायेने घोटवून घेतलेलं हे अक्षर! आणि त्यात लिहिलं काय, तर ‘त्रास दिला’. पदराचं लिहायला हात धजेना. शी! त्या हवालदाराहून मी वेगळी कुठे?

वाचून दाखवल्यावर सुमन म्हणाली, “पदराचं लिहा ना. मले नाही, तुमालेच लाज वाटून राह्यली.”

अर्ज फाडला. आता ती सांगते तसं लिहिते आहे.