चढताना चांगला पाय आधी

प्रिय हवालदार,

रागावू नकोस, पण लिहायला बसले आणि पहिल्यांदा हेच नाव हाताशी आलं. ऑपरेशननंतर मला घरी आणलं त्या संध्याकाळी तू बाह्या सरसावून माझ्या खाटेशी उभी राहिलीस आणि म्हणालीस, "अहो आई, रडायचं असेल तर खुशाल रडा, पण रडता रडता गुडघा वळवा." त्याच दिवशी मी तुला हवालदार करून टाकलं. सुनेनं सासूला दरडावायचं आणि सासूनं मुकाट्यानं ऐकायचं, असं आमच्या घराण्यात त्याआधी कधी घडलं नव्हतं. माझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी तोंडात बोट घातलं असतं, आणि मग तुझ्याकडून स्वतःची कंबरही तपासून घेतली असती.

पत्र पाहून तू चक्रावली असशील. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तू फोन करतेस, गुडघा किती अंश वळतो ते विचारतेस, मी आकडा सांगते, तू "बरं" म्हणतेस. तीन वर्षांत एकही रविवार चुकवला नाहीस. मग या बाईला एकाएकी कागद-पेन का आठवलं? कारण आहे, पण ते सांगायला मला जरा दुरून यावं लागणार आहे. एकोणतीस वर्षं बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसून एका वाक्यात उत्तरं दिली, आता म्हातारपणी थोडं पाल्हाळ लावलं तर सोसून घे.

आधी प्रवासाची बातमी. मी देवाला जायचं म्हणते हे तुला फोनवर सांगितलंच. पण तेच देऊळ का, ते नाही सांगितलं, कारण तू विचारलं नाहीस. त्या समुद्रकाठच्या गावाची बस फलाट चारवरून सकाळी सहा चाळीसला सुटते. माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशीही सहा चाळीसलाच सुटत होती. हे वाक्य मी किती लोकांना सांगितलं असेल त्याची गणतीच नाही. म्हातारे, नवी जोडपी, लेकरं काखेत घेतलेल्या बाया, सगळे खिडकीशी यायचे, विचारायचे, आणि दोन-तीन दिवसांनी परतताना चपलांत वाळू आणि चेहऱ्यावर काहीतरी निराळंच घेऊन उतरायचे. एका आजोबांनी तर परत येऊन मला मुद्दाम सांगितलं होतं, "बाई, तुम्ही सांगितल्याप्रमाणेच सुटली हो." जणू बस मीच चालवली होती! सगळ्यांना वाट दाखवली आणि स्वतः मात्र एकदाही त्या बसमध्ये बसले नाही. आधी नोकरी, मग संसार, मग तुझ्या सासऱ्यांचं आजारपण, मग हा गुडघा.

आता तयारीचं ऐक, तुला आवडेल. देऊळ खडकावर आहे, दोनशे चौदा पायऱ्या. त्यात गंमत अशी की गावातून पायथ्याकडे जाणारी फरसबंदी वाट भरतीला पाण्याखाली जाते. ओहोटी असेल तेव्हाच जायचं आणि पाणी चढायच्या आत परतायचं. देवळाच्या कचेरीतल्या माणसाला मी फोन करून करून बेजार केलं. शेवटी तो म्हणाला, "आजी, तुम्ही या तर खरं, समुद्र काही पळून जात नाही." मी म्हटलं, "बाबा, तो पळत नाही, पण वेळ रोज बदलतो ना!" रोज पाऊण तासाहून जास्तच पुढे सरकणारं वेळापत्रक मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या साहेबांनी असलं काही लावलं असतं तर प्रवाशांनी काचा फोडल्या असत्या. पण समुद्राचं गणित एकदा कळलं की चोख आहे. आपण जाऊ त्याच्या दुसऱ्या दिवशी वाट सकाळी साडेसात ते अकरा मोकळी असते. पावणेआठला पायथा, साडेआठपर्यंत वर, अर्धा-पाऊण तास देवाचा, दहाच्या आत खाली. एक तास हाताशी शिल्लक. भक्तनिवासात तळमजल्यावरची खोली मिळाली आहे, दोन खाटांची, आणि न्हाणीघरात धरायला दांडा आहे का हे मी आधी विचारलं. आहे. तू असतीस तर तूही तेच आधी विचारलं असतंस.

साडेआठपर्यंत वर कशी पोहोचणार म्हणतेस? आपल्या जिन्याला तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत बहात्तर पायऱ्या. तीनदा वर गेलं की दोनशे सोळा होतात, म्हणजे देवापेक्षा दोन जास्तच. गेले चार महिने रोज संध्याकाळी साडेपाचला मी जिन्यात असते. तू दवाखान्यातून यायचीस तीच वेळ. चहालाही न बसता पर्स खुंटीला अडकवायचीस आणि मला उभी करायचीस. तू पायऱ्यांवर खडूनं घातलेले आकडे झाडूनं पुसले गेले, ते मी परत घातले, आणि तुझे छत्तीसवर थांबले होते ते पुढे बहात्तरपर्यंत नेले. तळमजल्यावरचा इस्त्रीवाला आधी हसायचा. आता तो मोजतो. परवा मी तिसऱ्या खेपेला खाली आले तर इस्त्री बाजूला ठेवून म्हणाला, "काकू, आज दोन मिनिटं लवकर. देव पळतोय का?" त्या नादात कुणाचा तरी शर्ट जरासा करपला म्हणे, त्याचं पाप माझ्याच माथी.

चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. तुझं हे वाक्य मी मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटलंय की देवासमोर हात जोडल्यावर तेच तोंडून निघेल अशी धास्ती वाटते. आणि दुसरं, चढताना आधार देणारा माणूस मागे, उतरताना पुढे, नेहमी एक पायरी खाली. पडणारा माणूस ज्या बाजूला पडेल तिथे आपण आधीच उभं असायचं, हे तू मला समजावलं होतंस. तेव्हा वाटलं, ही तुमच्या फिजिओथेरपीच्या धंद्यातली युक्ती. मग मागचं आठवत गेले तसं कळलं की तुझा स्वभावच तो. शेजारच्या बाईंना दवाखान्यात न्यायचं झालं, तुझ्या सासऱ्यांचे शेवटचे दिवस आले, कुठेही बघावं तर तू आधीच एक पायरी खाली उभी. कधी मिरवलं नाहीस. उलट कुणी कौतुक केलं की खेकसायचीस. मी माणसं पुष्कळ पाहिली गं, खिडकीतून तर अर्धं जगच पाहिलं. तुझ्यासारखं माणूस मी पाहिलं नाही. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, आज लिहून ठेवते.

आणि तू गेलीस तो दिवस. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू दोन बॅगा भरल्यास. माझ्या मुलाला एक वाईट शब्द बोलली नाहीस, निदान माझ्यासमोर तरी. आणि निघण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन कपाटाच्या दाराला एक कागद चिकटवलास. पुढच्या सहा आठवड्यांचे व्यायाम, ठळक अक्षरात, मला चष्म्याशिवाय वाचता यावेत इतके मोठे. खाली लिहिलं होतंस, 'दुखलं तरी चालेल, सुजलं तर थांबा.' ज्या घरानं तुला असं वागवलं त्या घरातल्या म्हातारीचा गुडघा जाताजाता तू मार्गी लावून गेलीस. दोन्ही हातांत बॅगा, कठडा धरायला हात मोकळा नाही, आणि तू खडूच्या आकड्यांवरून खाली उतरत गेलीस. मी दारात उभी होते. तुझ्या पुढे कोणी नव्हतं. तो कागद अजून तिथेच आहे, कडा पिवळ्या पडल्यात.

आता तिथून पुढे तू काय केलंस ते माझ्या कानावर येत असतं, तू सांगत नसलीस तरी. भाड्याच्या एका खोलीत दोन खाटा टाकून सुरुवात केलीस, आज तुझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. माझ्या ओळखीतली एक बाई खांदा दाखवायला तुझ्याकडे आली होती. परतल्यावर म्हणाली, "मॅडम फार कडक आहेत हो." माझी छाती अशी फुलली की सांगता सोय नाही. मी म्हटलं, "आमचा हवालदार आहे तो." 'आमचा' म्हणायचा हक्क मला उरलाय का, हा प्रश्न तिनं विचारला नाही, म्हणून बरं झालं.

मागच्या रविवारी तू विचारलंस, "सोबत कोण आहे?" मी खरं ते सांगितलं, कोणी नाही. माझा मुलगा त्याच्या नव्या संसारात दूर आहे, आणि त्याला मी विचारलंही नाही. तू म्हणालीस, "मी येते. चार दिवसांची सुट्टी काढते. उतरताना तुम्हाला एकटीला सोडणार नाही." फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून हमसून हमसून रडले. तुला वाटेल तसं आनंदानं नव्हे.

चौकशीच्या खिडकीचा एक नियम असतो. विचारलं तेवढंच सांगायचं. न विचारलेलं सांगत बसलं तर रांग तुंबते. हा नियम मी घरीही पाळला आणि त्याला समजूतदारपणा म्हणत राहिले. पण नियमाचा दुसरा भाग असा की विचारलं त्याचं उत्तर खरंच द्यायचं, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं. एकोणतीस वर्षांत मी जाणूनबुजून कुणाला चुकीची बस सांगितली नाही. एकदाच सांगितली, ती तुला.

ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. मी बाहेरच्या खोलीत पडून होते आणि माझा मुलगा गॅलरीत फोनवर बोलत होता. त्याला वाटलं मी झोपलेय. फोन झाल्यावर मी त्याला सरळ विचारलं. त्यानं सगळं सांगितलं, ती कोण, केव्हापासून, आणि म्हणाला, "आई, हिला सांगू नकोस, मी सावरतो." तो सावरणार नाही हे मला तेव्हाच दिसलं होतं. त्यानंतर चार-पाच दिवसांनी, जिन्यात, सतराव्या पायरीवर, तू माझ्या एक पायरी खाली उभी होतीस, दोन्ही हात माझ्या कमरेला. तू हळूच विचारलंस, "आई, त्याचं काही बिनसलंय का? तुम्हाला काही बोललाय?" आणि मी म्हटलं, "नाही गं. कामं वाढलीत त्याची."

मुलाची अब्रू राखायला बोलले असं वाटेल तुला. तसं असतं तर एक आई म्हणून मी स्वतःला माफही केलं असतं. खरं कारण याहून हलकं आहे. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. तुला कळलं तर तू जाशील, आणि तू गेलीस तर माझा गुडघा कोण वळवणार, एवढाच हिशेब माझ्या डोक्यात होता. तू माझं सगळं वजन हातांवर घेऊन उभी होतीस आणि मी तुला त्यासाठीच फसवलं. पुढे दोन महिने तू त्याची वाट बघत जेवण झाकून ठेवायचीस, मी बघायची. त्याच दिवसांत तुला मोठ्या रुग्णालयातली जागा चालून आली होती, ती 'आईंना असं सोडून कशी जाऊ' म्हणून तू नाकारलीस, तेही मी माझ्या कानांनी ऐकलं आणि गप्प राहिले. शेवटी तू त्या दोघांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस. त्या दिवशी घरी येऊन तू पहिल्यांदा मलाच धरून म्हणालीस, "आई, तुम्हाला कसं सांगू?"

आज माझा गुडघा एकशे अठरा अंश वळतो. प्रत्येक अंश असा मिळवलेला आहे.

देवाला सांगणं सोपं आहे, तो उलट विचारत नाही. म्हणून आधी तुला. सुट्टी काढण्यापूर्वी हे तुझ्या हातात पडावं यासाठी हे पत्र लिहिलं. फोनवर तू आकडा विचारला असतास आणि मी आकडाच सांगितला असता. तुझी जागा मी काढून ठेवली आहे, माझ्या शेजारची, पण तुझ्यावर तिचं कसलंही ओझं नाही. तू नाही आलीस तरी मी जाणार. वर मी एकटी चढेन. उतरताना पुढे कोणी नसलं तर बसून एकेक पायरी उतरेन, एक तास जास्तीचा आहेच. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या सोमवारी ती बस साडेनऊला तुझ्या गावच्या स्थानकावर येते आणि दहा मिनिटं थांबते. मी डाव्या बाजूला खिडकीत बसलेली असेन. गाडीत चढावंसं वाटलं नाही तर चढू नकोस. नुसती खिडकीशी ये आणि तुला जे विचारायचं असेल ते विचार. या वेळी खरं उत्तर देईन.

तुझीच,
चौकशी खिडकी