सुरकुतलेल्या गोळ्या

बिटररूटचा डोंगर, नोव्हेंबर

आईस ट्रूडीकडून खूप प्रेम,

काल हरीण मिळालं. बाबांना सांग, त्यांच्या खालचा दांडा ओढून भरायच्या रायफलीने, त्यांनीच घरी ओतलेल्या शिशाच्या गोळीने, एकाच बारात पडलं. तुझा गुडघा कसा आहे?

यापुढचं त्यांना वाचून दाखवू नकोस. या खेपेच्या गोळ्यांवर सुरकुत्या आहेत. साचा नीट तापला नाही की येतात, आणि मग गोळी सरळ जात नाही. पूर्वी बाबांना अशी एक जरी दिसली, की लगेच परत वितळवायचे. म्हणायचे, "माझ्या तोंडावर आहेत तेवढ्या पुरेत!" आता त्यांना दिसतच नाहीत गं.

तुझा चष्मा बदलायचाय असं सांगून त्यांनाही डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा. मी येईपर्यंत शिसं वितळवू देऊ नकोस.

हरणाचं मात्र खरं आहे. अख्खा डबा उपसल्यावर एक गुळगुळीत सापडली होती.

तुझीच,
ट्रूडी