आसियाचं दुपारचं जेवण

१४ जून २००४, सोमवार

गॅसचा कॉक बंद करून सिलिंडरला साखळी घातली. दुसरं काय करणार? सकाळी आसियाने तवा ठेवला आणि मागल्या दारी जाऊन बसली. मी मशिदीतून आलो तेव्हा घरभर धूर. तव्याची मूठ वितळून खाली पडलेली. ती म्हणते, ‘मी कुठे ठेवला?’

आता स्वयंपाक मी करायचा. मला येतं एकच. मस्कतच्या गॅरेजमध्ये तेवीस वर्षं काढली, दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी. माशाचा एक डबा, बियांचा एक डबा – आपल्या वालासारख्या पांढऱ्या बिया. दोन्हीतलं पाणी काढायचं, कांदा बारीक चिरायचा, लिंबू, मिरपूड, थोडं तेल. बारा मिनिटांत जेवण. परत आलो तेव्हा एक खोकाभर डबे आणले होते, ते माळ्यावर आहेत.

आज तेच केलं. चपाती शेजारच्या मथुरावहिनींनी दिली. आसिया ताटाकडे बघत बसली. म्हणाली, ‘डब्यातला मासा? आपल्या राजिवड्यात, खाडीच्या काठी?’ मी हसलो. म्हटलं, पावसात होड्या बंद आहेत, ऑगस्टच्या मध्यापर्यंत ताजा मासा नाय.

१६ जून

दोन घास खाल्ले. बिया एकेक करून कडेला काढल्या.

२१ जून

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला साल विचारलं, वार विचारला, मग तिला बाहेर बसवून मला सांगितलं – हा विसरण्याचाच आजार आहे. औषधाने थोडा हळू वाढेल. बरा होणार नाही. हलकं आणि वेळेवर खायला द्या, काट्याचा मासा नको, काटा काढायचा हे तिच्या लक्षात राहणार नाही.

इकराचा लांज्याहून फोन. ‘अब्बा, अम्मीला इकडे आणा.’ तिचं सासर दोन खोल्यांचं. म्हटलं, बघू.

रिक्षातून येताना आसियाने माझी बाही धरून ठेवली होती. जे गॅरेजात बिघडायचं ते मला दुरुस्त करता यायचं.

२८ जून

आज दुपारी जे झालं ते लिहून ठेवतो.

मी कांदा चिरत होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. डोक्यावर पदर ओढला, पुढे नाकापर्यंत. म्हणाली, ‘तुम्ही कधी आलात? बाहेर बसा. आमचे ते इथे नसतात, मस्कतला असतात.’

मला वाटलं चेष्टा. म्हटलं, आसिया, मी हारुन. ती घाबरली. खरोखर घाबरली. आतल्या खोलीत गेली आणि कडी लावली. मी दाराबाहेरून बोलत राहिलो – निकाहाच्या दिवशीचा पाऊस, इकरा झाली ते, खाडीत चुलत्याची होडी उलटली ते. जितकं जास्त बोलावं तितकी ती आतून म्हणायची, ‘तुम्हाला हे कुणी सांगितलं?’

शेवटी मथुरावहिनींना हाक मारली. त्यांच्या आवाजावर तिने दार उघडलं. अडीच वाजले होते. कोणीच जेवलं नाही.

एकतीस वर्षांच्या संसारातली बायको. माझ्यासमोर पदर ओढते.

२९ जून

सकाळी ओळखलं. ‘कांदा केवढा जाड कापलात’ म्हणाली. मी दुसरा कापला.

दुपारनंतर ओळख पुन्हा पुसली.

७ जुलै

आठ दिवस वाद घातला. निकाहाचा फोटो दाखवला. ती फोटोतल्या माणसाला ओळखते, मला नाही. त्यात मी सत्तावीस वर्षांचा आहे.

आज हात टेकले. म्हटलं, मी हारुनचा मस्कतचा मित्र. त्याने हे डबे पाठवलेत तुमच्यासाठी.

लगेच पाट ओढून बसली. ‘ते बरे आहेत ना? वेळेवर जेवतात?’

म्हटलं, जेवतात.

‘काय खातात?’

म्हटलं, हेच.

‘रोज?’

रोज.

ती ताटाकडे बघत राहिली. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. फोनवर मटण-भात सांगायचो, तिला काळजी नको म्हणून. ‘मला कधी बोलले नाहीत,’ ती म्हणाली. मग बियांसकट सगळं खाल्लं. ताट पुसून खाल्लं.

मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

१९ जुलै

माळ्यावरचे बियांचे डबे संपले. बाजारात माशाचा डबा एका दुकानात मिळाला, बिया कुठेच नाहीत. काल चवळी भिजत घातली, आज शिजवून मिसळली. तिला फरक कळला नाही. मला वाटत होतं कळावा.

१ ऑगस्ट, रविवार

इकरा आली. आसियाने तिला ओळखलं, गालावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बोट केलं – ‘हे तुझ्या अब्बांबरोबर असतात. चांगले आहेत. रांधतात.’

इकरा स्वयंपाकघरात येऊन रडली. ‘अब्बा, तुम्ही तिच्याशी खोटं का बोलता?’

म्हटलं, खरं बोललो की ती दार लावून घेते.

ती लिंबाच्या बिया काढत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘मी लहान होते तेव्हाही अम्मी अशीच असायची. ताट वाढून तुमच्याबद्दल बोलायची. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.’

तिघं जेवलो. इकरा पाचच्या एस.टी.ने गेली. स्टँडवरून परत येताना घरचा रस्ता फार लांब वाटला.

११ ऑगस्ट

जेवली नाही. ‘ते कधी येणार?’ म्हटलं, ईदला. ‘कुठल्या ईदला?’ मी तिचं ताट झाकून ठेवलं.

१४ ऑगस्ट, शनिवार

जेवता जेवता विचारलं, ‘तुम्हाला आता परत मस्कतला जायचं असेल?’

म्हटलं, नाही. तिकडचं काम संपलं. मी इथेच.

तिने आपल्या ताटातला अर्धा मासा उचलून माझ्या ताटात ठेवला. मग म्हणाली, ‘तर त्यांना कळवा. म्हणावं, सावकाश या, नाही आलात तरी चालेल. मला सोबत आहे.’

म्हटलं, कळवतो.