ऍडमिनची परवानगी

३ सप्टेंबर

चि. बंड्या,
अ. उ. आ.

तुझ्या सर्व्हेच्या तंबूत फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. जाताना तू आमच्या कॉम्प्युटरवर स्वतःला ऍडमिन करून गेलास आणि मला साधी वापरकर्ती. का, तर म्हणे मी दिसेल तिथे क्लिक करते! आता वायफायचा पासवर्ड दिला की तो लगेच ऍडमिनचाही मागतो. माझ्याच घरात मलाच परवानगी!

तू दिलेली पासवर्डची घडी घातलेली चिठ्ठी मी उघडलीही नव्हती. पण बाइंडरच्या टेबलावर सुटा कागद टिकतो का? त्या दिवशी मी अकरा पुस्तकं बांधली. कुठल्यातरी पुस्तकाच्या पाठीला अस्तर म्हणून ती खळ लावून चिकटवून टाकली, बघ.

बावीसला लेकीची ऑनलाइन मुलाखत आहे, कॉम्प्युटरवरच नकाशा काढून दाखवायचाय. ताबडतोब कळव.

रागावलेली, तरी लोभ न आटलेली,
ताई

१२ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो की साहेब तंबूत डोकावून गेले. पासवर्ड पाठ आहे गं, पण सांगायची लाज वाटते. वाटलं होतं, चिठ्ठी बघून तू गुपचूप टाइप करशील. असो, भाचीसाठी लाज गिळतो. मोबाइलवर मला इंग्रजी अक्षरांत लिहितेस तसंच, मधे जागा न सोडता लिही: ताईचशहाणी.

आत गेलीस की जोडणीच्या सेटिंगमध्ये 'सर्व वापरकर्त्यांना परवानगी' यावर खूण कर. मग तो पुन्हा कधी विचारणार नाही. बाकी कशालाही हात लावू नकोस!

कान धरायचे राहू द्यावेत, लोभ तेवढा राखावा.
तुझा
बंड्या

२२ सप्टेंबर

चि. बंड्या,
अ. उ. आ., आणि आज दोन जास्तच.

तुझं पत्र आलं तोवर मी सात पुस्तकांच्या पाठी सोलून बसले होते! चिठ्ठी बहुतेक हेडमास्तरांच्या शब्दकोशात आहे. राहू दे तिथेच, शाळेलाही कधीतरी कळेल.

मुलाखत झक्क झाली, लेकीला तिथल्या तिथे घेतलं! सकाळपासून ती घरभर नाचतेय आणि मी तिच्यामागे, हाताला खळ तशीच.

आता एक कबुली. तू सांगितलेली ती खूण मी केलेली नाही, करणारही नाही. रोज सकाळी कॉम्प्युटर परवानगी मागतो आणि मी तुझे शब्द एकेक अक्षर करत, मोठ्यांदा म्हणत टाइप करते. चाळीस वर्षं वाट बघितली रे, रोज एकदा तरी ऐकू दे.

सुट्टी मिळताच ये.
तुझी, आणि आता लेखी पुराव्यानिशी शहाणी,
ताई