आमाची तब्येत सुधारते आहे

३ मार्च, मंगळवार
पोचले एकदाची! विमानात भीती वाटत होती, पण तैवानमध्ये तायचुंगला उतरल्यावर पळाली. एजन्सीची हान्ह ताई फाटकाशी पाटी घेऊन उभी होती. पाटीवर माझं नाव चुकीचं लिहिलेलं, थोआच्या जागी थुआ. ती हसून म्हणाली, नाव चुकलं तरी माणूस बरोबर आहे ना?

घर बाराव्या मजल्यावर. मला स्वतःची खोली आहे, आतून कडी आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातात कडी आली, म्हणून दोनदा लावून पाहिली. चिउ मालक कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनीअर आहेत, मालकीणबाई बँकेत. दोघं सकाळी सातला जातात. मग घरात मी आणि आमा, मालकांची आई. वय एक्याऐंशी. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, तेव्हापासून अंथरुणात. हलत नाही, बोलत नाही, नाकातल्या नळीतून दूध. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ थोपटायची, कफ काढायचा. हे सगळं मी शिकून आले आहे. तिचे केस कापसासारखे मऊ. मी विंचरले तर डोळे मिटून पडून राहिली.

प्रशिक्षण केंद्रातल्या बाई म्हणायच्या, परदेशात तारीख घालून लिहीत जा, नाहीतर तीन वर्षं कुठे गेली ते कळत नाही. म्हणून ही वही. दिएपला फोनवर लिफ्ट दाखवली. ती म्हणाली, आई, तू आता ढगात राहतेस? नऊ वर्षांची झाली तरी बोलते अशीच.

५ मार्च, गुरुवार
मालकांनी जेवणाच्या टेबलावर एक तक्ता पसरला. रंगीत, सुबक. माणसाला सलग झोप लागते ही म्हणे जुनी सवय आहे, खोड आहे. झोपेचे तुकडे करायचे. दर चार तासांनी वीस मिनिटं, दिवसातून सहा वेळा: दोन, सहा, दहा, पुन्हा दोन, सहा, दहा. सगळी मिळून दोन तास. बाकी बावीस तास माणूस ताजातवाना! तीन आठवडे जड जातात, मग शरीर सरावतं, म्हणाले.

मी विचारलं, मालक, तुम्ही असेच झोपता का?

ते म्हणाले, माझं काम डोक्याचं आहे.

म्हणजे काय ते मला कळलं. दिवसाला एक बाई आणि रात्रीला एक बाई ठेवण्यापेक्षा एकाच बाईतून दोन काढायच्या. पण नवी आहे, मान डोलावली. मनगटावर एक घड्याळ बांधून दिलं, वेळ झाली की ते थरथरतं, आणि मी कधी झोपले ते मालकांच्या फोनवर दिसतं. आमाच्या खोलीत कॅमेरा आहेच.

८ मार्च, रविवार
डोळ्यांत वाळू. भात शिजवताना झाकणावर हात ठेवला, चटका बसल्याचं नंतर कळलं. वीस मिनिटांत झोप लागते कुठे? लागते न लागते तोच मनगटावर माशी अडकल्यासारखी ती थरथर. आमाला मात्र सुखाची झोप. तिच्याकडे बघून आज पहिल्यांदा चीड आली. मग लाज वाटली. तिचा काय दोष?

११ मार्च, बुधवार
दुपारी आमाला चाकाच्या खुर्चीत आडवी बांधून बागेत नेते, तिथे अशा खुर्च्यांची रांग लागते. म्हातारे उन्हात, आम्ही बायका सावलीत. आमच्याकडच्या विन्ह शहराची न्हुंग भेटली, बोलायला फटकळ. माझा तक्ता ऐकून म्हणाली, अगं बये, तू काय घोडा आहेस उभ्याने झोपायला? माझ्या म्हाताऱ्याने असलं काही काढलं असतं तर त्यालाच कपाटात उभा करून झोपवला असता! खूप हसलो. हसताना मला रडू आलं, आणि थांबेचना. न्हुंगने माझं डोकं मांडीवर घेतलं. पाच मिनिटंही नसतील झाली, घड्याळ थरथरलं आणि मालकांचा फोन. बाहेर झोपायचं नाही, तक्ता बिघडतो.

घरी आल्यावर आमाची उजवी करंगळी हलली. दोन वर्षं मेलेली करंगळी! मी मालकांना लगेच सांगितलं. माणसाने इतकं खरं कधी वागू नये.

१४ मार्च, शनिवार
डॉक्टर येऊन गेले. खूश. आमाला हातात पेला धरता येतो. माझ्या मेहनतीचं फळ, म्हणाले. मालकीणबाईंनी माझ्यासाठी अननसाची वडी आणली.

माझ्या हातून मात्र आज तोच पेला दोनदा पडला.

स्वप्नं पडायची थांबली आहेत. पूर्वी रोज पडायची, गावचं तळं, म्हशी, भाऊ. आता डोळे मिटले की काळं, उघडले की पांढरं, मधे काहीच नाही.

१७ मार्च, मंगळवार
आज सकाळी दहाच्या झोपेतून उठले, आमाची कूस बदलायला वाकले, तर ती माझ्या कानाशी म्हणाली, ए मांजरे.

आमच्या भाषेत. व्हिएतनामीत. माझ्या न्घे आन प्रांताच्या हेलात.

मला मांजरी म्हणणारा जगात एकच होता, माझा भाऊ लुओंग. बारा वर्षांपूर्वी तळ्यात बुडाला. मी हे इथे कुणालाही सांगितलेलं नाही. आमा पुढे म्हणाली, म्हैस खोल पाण्यात नेऊ नकोस रे. हे माझं स्वप्न आहे. दर पावसाळ्यात पडणारं, माझं. त्यात मी काठावरून हेच ओरडते.

मी मागे सरले ती भिंतीला आपटले. ती डोळे मिटून हसत होती. स्वप्न बघत होती. माझं.

१९ मार्च, गुरुवार
मालकांना सांगितलं. वाटलं होतं, वेड्यात काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, त्या दिवशी एकूण किती मिनिटं झोपलीस? मी म्हटलं, शंभरेक. त्यांनी ते लिहून घेतलं. मग आधीच्या दिवसांचं विचारलं. करंगळी हलली तेव्हा किती? पेला धरला तेव्हा किती?

मग म्हणाले, उद्यापासून पंधरा मिनिटं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, मी हात विकलेत मालक, पाठ विकली, झोप नाही विकली. कागदावर कुठे लिहिलंय दाखवा. ते म्हणाले, आईला तुझं काही लागू पडत असेल तर तुझं काय जातं?

तुझं काय जातं! मालकीणबाई शेजारी बसून सफरचंद सोलत होती. साल तुटू न देता. मान वर केली नाही तिने.

हान्ह ताईला फोन केला. म्हणाली, सुरुवातीला सगळ्यांनाच झोप येते गं, तुझं तर घरात कौतुक चाललंय, डॉक्टरपण बोलले. मी स्वप्नाचं सांगितलं. ती आवाज खाली आणून म्हणाली, असलं कुणाला बोलू नकोस, वेडी म्हणून परत पाठवतील. म्हटलं, पाठवा! तर फोन हातातून गेला. मालक मागेच उभे होते. पडद्याचा उजेड झोपेला वाईट, म्हणाले. फोन त्यांच्या खिशात.

२१ मार्च, शनिवार
आज सूड घेतला!

दोघं बाजारात गेली. घड्याळ काढून तांदळाच्या डब्यात पुरलं, खोलीची कडी लावली, दाराला पलंग लावला आणि जमिनीवर आडवी झाले. तीन तास. सलग तीन तास! दारावर धक्के बसले तेव्हा उठले. आणि स्वप्न पडलं होतं, लुओंग, तळं, म्हशीच्या पाठीवरचे बगळे, सगळं. जाग आल्यावर तोंडात गोड चव होती.

आमाच्या खोलीत गेले तर ती पहिल्या दिवसासारखी पडलेली. करंगळीही हलेना. तोंडातून लाळ.

म्हणजे खरं आहे. माझी झोप हिच्यात जाते. मी घेतली की हिची सरते.

मालक ओरडले नाहीत. हत्यारांची पेटी आणली आणि माझ्या दाराची कडी काढून टाकली. चार स्क्रू. एकेक करून वाटीत टाकले. मी त्यांच्या तोंडावर म्हटलं, चोर आहात तुम्ही. आईला जगवायला चोरी करता, आणि तीही एका बाईच्या उशीखालून! ते म्हणाले, तुझी आई असती तर तू काय केलं असतंस?

माझी आई आहे. माझ्या पोरीला सांभाळते आहे. तिच्यासाठी मी स्वतःची झोप दिली असती. दुसऱ्याची नाही.

२४ मार्च, मंगळवार
दोघांनी रजा घेतली आहे. पाळीपाळीने मला उठवतात. दहा मिनिटं. कधी सात. मालकीणबाई ओला रुमाल तोंडावर टाकते, म्हणते, सॉरी हं.

जिन्यापर्यंत पळाले. पाय वळले. तिथेच पडले. मालकांनी उचलून आणलं. समोरच्या घरातली म्हातारी दारात आली, तिला सांगितलं, बिचारीला चक्कर आली. म्हातारी म्हणाली, किती जपता हो नोकरांना!

आमा आता आपणहून खुर्चीत बसते. नळी काढली. भातावर माशाचं सार घालून मागते, आमच्याकडचं, उग्र वासाचं. ज्या मालकीणबाईने माझी त्या साराची बाटली वास येतो म्हणून कचऱ्यात टाकली होती, तीच आज दुकानातून घेऊन आली.

२६ मार्च, गुरुवार
उजवा पाय नाही. म्हणजे आहे. माझा नाही.

आमा चालते.

आईचा चेहरा आठवत नाही. कपाळ आठवतं. त्याखाली काही नाही. तळ्याकाठी एक झाड होतं, लांब, उंच, विड्यात घालायची फळं लागतात ते — नाव गेलं. आमाला विचारलं. तिने चटकन सांगितलं. भिकारणीला द्यावं तसं सांगितलं. थुंकले तिच्या अंगावर. पोचलं नाही.

२८ मार्च, शनिवार
शब्द येत नाहीत तोंडात. आ — आ — एवढंच. डावा हात चालतो. आमाच्या पलंगावर ठेवलंय मला. वही चादरीखाली असते. कॅमेऱ्याला वाटतं थरथरते आहे.

माझी मुलगी. नाव —
मागचं पान काढून वाचलं. दिएप. कुणाचं तरी नाव आहे. चांगलं आहे. ते वाचून मला काहीच झालं नाही, आणि काहीच झालं नाही याचा इतका राग आला की दात घट्ट मिटले, जीभ चावली गेली. रक्त माझंच. तेवढं तरी.

३० मार्च, सोमवार
दुपार. घरचा फोन वाजला. आमाने उचलला.

हान्ह ताई होती. आवाज इथपर्यंत येत होता. थोआ, बरी आहेस ना? मागच्या वेळी तू काहीबाही बोलत होतीस, रविवारी येऊन बघून जाऊ का?

आमा माझ्या आवाजात म्हणाली — माझ्या, माझ्याच — कशाला ताई एवढ्या लांब? मजेत आहे मी. झोपेची सवय झाली आता. माणसं देवासारखी आहेत. आणखी तीन वर्षं वाढवून टाक.

मी ओरडले. सगळा जीव लावून. आ — आ —

ताईने विचारलं, कोण गं ते?

आमा आहेत, ती म्हणाली. बिचाऱ्या असंच करतात.

ताई म्हणाली, जप हो त्यांना.

नंतर
मालकांच्या खिशातला फोन आता हिच्याकडे. पोरीशी बोलते आहे. पोरगी हसते. आई, तुझा आवाज आज किती छान येतोय, म्हणते. गाणं म्हण, म्हणते. ही म्हणते. माझं. मला येत नाही आता ते, पण माझं.

मी इथे आहे. अगं, मी इथे —

३१ मार्च
आमा माझी कूस बदलायला आली. हात गार. चादर ओढली. वही दिसली तिला.

रागावली नाही. शेजारी बसली. वाचते आहे, खांद्यावरून. वाचता येतं तिला आता. म्हणते, अक्षर किती वाकडं झालं गं. म्हणते, दमलीस तू. दे इकडे, पुढचं मी लिहिते.

नाही देणार. पेन नाही देणार. पाय घे, जीभ घे, पोरगी घेतलीस, हा राग नाही मिळणार तुला, हा झोपेत नव्हता, जागेपणीचा आहे, म्हणून तुला सापडला नाही, आणि तो मी इथेच लिहीत राहणार, शेवटच्या ओळीपर्यं